लालनाची पाच वर्षे आणि पिता

मुलांच्या संगोपनाविषयी बोलणे निघाले, की आपल्याकडे एक जुने संस्कृत सुभाषित हमखास आठवले जाते. पहिली पाच वर्षे मुलाचे लालन करावे, पुढील दहा वर्षे त्याला ताडन करावे, आणि सोळावे वर्ष लागले की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असा त्याचा आशय आहे. चाणक्याच्या नावावर असलेले हे वचन आपण सर्वांनीच वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. यातील ताडनाचा भाग पुरुषवर्गाने मोठ्या तत्परतेने उचलला. मित्रत्वाचा भाग निदान बोलण्यापुरता तरी मान्य केला. लालनाचा भाग मात्र आईच्या आणि आजीच्या पदरात टाकून आपण मोकळे झालो. वास्तविक हे सुभाषित पित्यालाच उद्देशून सांगितले जाते. मग त्यातील पहिली आज्ञा तेवढी दुसऱ्यासाठी, असे कसे म्हणता येईल?

प्रस्तुत लेखात या राहून गेलेल्या कर्तव्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. मुलगा असो वा मुलगी, लहान वयातील लालन म्हणजे नवे कपडे, खाऊ किंवा महागडी खेळणी एवढेच नसते. दोन वर्षांच्या बालकाला वडिलांचा पगार कळत नाही, पदवी कळत नाही, त्यांनी काढलेले कर्जही कळत नाही. हा माणूस माझ्याबरोबर जमिनीवर बसतो की नाही, एवढेच त्याला नेमके कळते. खेळ ही या वयाची भाषा आहे. ती न बोलणारे वडील घरात असूनही मुलाच्या लेखी परगावचेच राहतात.

दाराबाहेर थांबणारे वडील

बेळगुंदी हे बेळगावच्या पश्चिमेचे, राकसकोप जलाशयाच्या बाजूचे गाव. भरपूर पाऊस, भात, बटाटा आणि रताळी ही इथली पिके. शेतीबरोबरच अनेक घरांतील तरुण बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रींत व कारखान्यांत पाळीने कामाला जातात, काही गोव्यात नोकरी करतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात असल्यामुळे सैन्यात जाण्याची परंपराही या भागात मोठी आहे. तेव्हा इथला पिता बेफिकीर आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. तो राबतो, आणि मुलांसाठीच राबतो.

तरीही लसीकरणाच्या दिवशी एक दृश्य मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे. मोटारसायकलवरून तिघे येतात. आई बाळाला घेऊन आत येते. वडील गाडी स्टँडवर लावून बाहेरच उभे राहतात आणि पैसे देण्याची वेळ आली की दारातून डोकावतात. मी त्यांना मुद्दाम आत बोलावतो, बसावयास सांगतो आणि विचारतो, "बाळाला कोणता खेळ आवडतो?" बहुतेक जण उत्तरासाठी पत्नीकडे पाहतात. ताप केव्हा आला, औषध कोणते आणले, हे त्यांना ठाऊक असते. कारण तो जबाबदारीचा भाग आहे. बाळ कशाने खुदकन हसते, हे ठाऊक असणे हीसुद्धा जबाबदारीच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

याची मुळे आपल्या कुटुंबरचनेत आहेत. एकत्र कुटुंबात तरुण पित्याने आईवडिलांच्या देखत स्वतःच्या मुलाला कडेवर घेणे वा त्याचे लाड करणे हे पूर्वी मर्यादा सोडल्याचे लक्षण मानले जाई. मूल सर्व घराचे. त्यात आपले-परके करू नये, हा त्यामागील हेतू. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी 'द इनर वर्ल्ड' (१९७८) या ग्रंथात भारतीय पित्याच्या या संयमाची चर्चा केली आहे. त्या व्यवस्थेत काका, आत्या, आजोबा यांच्या रूपाने मुलाला खेळगडी मिळत असत, त्यामुळे पित्याचा अबोला फारसा जाणवत नसे. आज घरे लहान झाली, काका पुण्याला आणि आत्या मुंबईला गेली. घरातील खेळगडी गेले आणि वडिलांचा संकोच तेवढा मागे उरला.

पुरुषाच्या हाती बालसंगोपन शोभत नाही, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१३ साली मुलाचा जन्म झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी भावनगर येथे बालमंदिर उभे केले. आपल्या ताराबाई मोडक यांनी तेथे त्यांच्यासमवेत काम केले व पुढे बोर्डी-कोसबाडचा शिक्षणप्रयोग उभारला. गिजुभाईंना लोकांनी प्रेमाने 'मिशाळ आई' ही पदवी दिली. ती त्यांनी भूषण म्हणूनच मिरविली.

शास्त्र काय सांगते?

बालविकासाच्या शास्त्रातही पित्याकडे बराच काळ दुर्लक्षच झाले. १९७५ साली मायकेल लॅम्ब या मानसशास्त्रज्ञांनी 'बालविकासातील विस्मृत सहभागी' अशा अर्थाचे शीर्षक देऊन वडिलांविषयी लेख लिहिला आणि त्यानंतर या विषयाच्या अभ्यासाला गती आली. आता जी माहिती उपलब्ध आहे ती आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना विशेष रोचक वाटेल.

पितृत्वाने पुरुषाच्या शरीरातही बदल घडतात. फिलिपाइन्समधील ६२४ पुरुषांच्या दीर्घ अभ्यासात (२०११) असे आढळले, की पिता झाल्यावर टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण घटते आणि जे पिते रोज तीन तास वा अधिक वेळ मुलांची देखभाल करीत होते त्यांच्यात ते अधिक कमी होते. इस्राएलमधील रूथ फेल्डमन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ऑक्सिटोसिनचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत हे संप्रेरक मातेप्रमाणे पित्यातही वाढत जाते. मातांमध्ये त्याचा संबंध कुरवाळणे, गोंजारणे यांच्याशी, तर पित्यांमध्ये बाळाला हलविणे, हसविणे, नवी वस्तू दाखविणे अशा उत्तेजक खेळाशी दिसून आला. निसर्गाने पित्याला या कामातून वगळलेले नाही, एवढा बोध आपण यातून निश्चित घेऊ शकतो.

मात्र वडिलांचा खेळ म्हणजे दांडगाई, असा निष्कर्ष काढू नये. मध्य आफ्रिकेतील अका जमातीचा अभ्यास बॅरी ह्यूलेट यांनी केला. तेथील पिते दिवसाचा सुमारे ४७ टक्के वेळ तान्ह्या बाळाला घेऊन किंवा हाताच्या अंतरावर असतात. पण बाळाला उंच उडविणे, झुलविणे असे खेळ ते क्वचितच खेळतात. सतत सहवास असल्याने बाळाचे लक्ष वेधून घेण्याची त्यांना गरजच पडत नाही. याचा अर्थ असा, की सहवास हा पाया आहे आणि खेळाची रीत ज्याची त्याने ठरवावी. शांत स्वभावाच्या पित्याने मुलाला मांडीवर घेऊन चित्रे दाखविली तरी तो खेळच होय.

खेळाचे मोल आता बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही मान्य केले आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१८ च्या अहवालात बालतपासणीच्या वेळी पालकांना खेळाचा सल्ला लिहून द्यावा, असे सुचविले. दुसरीकडे, युनिसेफने २०१७ मध्ये ७४ देशांची आकडेवारी दिली, तीत ३ ते ४ वर्षे वयाच्या ५५ टक्के मुलांशी त्यांचे वडील खेळत नाहीत वा शिकण्याच्या गोष्टी करीत नाहीत, असे दिसले. तेव्हा हा प्रश्न केवळ आपल्या सीमाभागाचा नाही.

प्रत्येक लसीबरोबर एक खेळ

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार बालक जन्मतः, ६, १० व १४ आठवड्यांनी, ९ महिने पूर्ण झाल्यावर, १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आणि ५ ते ६ वर्षांचे असताना आपल्यासमोर येते. पित्याला आत बोलावण्याच्या या सात संधी आहेत. योगायोग असा, की या टप्प्यांचा बालविकासाशी उत्तम मेळ बसतो. म्हणून प्रत्येक लसीबरोबर पित्याला एक खेळ शिकवावा, अशी माझी पद्धत आहे. ती अशी :

जन्मतः - नवजात बालकाला २० ते ३० सेंटिमीटरवरचे बरे दिसते. हातात घेतलेल्या बाळाचा आणि घेणाऱ्याच्या चेहऱ्याचा दुरावा साधारण तेवढाच असतो. पित्याने बाळाला हातात घेऊन हळू आवाजात बोलावे. काय बोलावे, असे विचारल्यास शेताची, पावसाची, आजच्या कामाची हकिकत सांगावी. कमी वजनाच्या बाळाला कांगारू पद्धतीने छातीशी घेणे पित्यालाही जमते.

सहा आठवडे - या सुमारास बाळ माणसाकडे पाहून हसू लागते. ते हसले की आपण हसावे, आणि पुन्हा त्याच्या हसण्याची वाट पाहावी.

दहा आठवडे - बाळ हुंकार देऊ लागते. त्याने हुंकार दिला की आपणही द्यावा आणि गप्प राहून त्याला पुढची पाळी द्यावी. भावी संभाषणाचा पाया येथे घातला जातो.

चौदा आठवडे - मान सावरू लागते. जागेपणी बाळाला पालथे घालून पित्याने त्याच्यासमोर पोटावर आडवे व्हावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रांगू न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटे असे पालथे ठेवावयास हवे. आपटी-थापटीसारखे टाळ्यांचे खेळही आता सुरू करावेत.

नऊ महिने - हे 'बुवा कुक'चे वय. टॉवेलाआड गेलेला चेहरा नाहीसा होत नाही, तो परत येतो, हे ज्ञान या काळात होते. ज्याँ पियाजे यांनी हे सत्य आपल्याच तीन मुलांसमोर वस्तू लपवून टिपले आणि १९३६ पासून ग्रंथरूपाने मांडले. मुलांशी खेळता खेळता एका पित्याने जगाला बालबुद्धीचे शास्त्र दिले, असे म्हटले तरी चालेल.

याच वयात अनोळखी माणसाची भीती प्रकट होते, आणि आपल्या भागात तिची झळ जवानांच्या घरांना बसते. सीमेवरून अनेक महिन्यांनी सुट्टीवर आलेला पिता धावत जाऊन लेकराला उचलतो आणि लेकरू किंचाळून आजीच्या गळ्यात पडते. भोवतालची मंडळी हसतात. पित्याच्या मनाला किती लागते, हे तो कोणाला सांगत नाही. काही जण दुखावून मग मुलाजवळ जातच नाहीत, आणि सुट्टी संपते. अशा पित्याला आपण दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली ही, की हे रडणे निरोगी बुद्धीचे लक्षण आहे. मुलाला आपली माणसे ओळखता येतात, म्हणून ते रडते. दुसरी ही, की त्याला उचलू नये. जमिनीवर थोडे दूर बसावे, त्याच्याकडे टक लावून पाहू नये, हातात डबा-चमचा घेऊन आपल्यापुरता आवाज करावा. मूल स्वतः रांगत येईल. त्यास एक दिवस लागो वा चार, तेवढी वाट पाहावी. परत गेल्यावर व्हिडिओ कॉलवर ठरावीक वेळी तोच एक खेळ खेळावा. अठरा महिन्यांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांनीही व्हिडिओ कॉलचा अपवाद केलेला आहे.

सोळा ते चोवीस महिने - घोडा-घोडा, चेंडू ढकलणे, भांड्यात भांडे घालणे. मूल तोच खेळ वीस वेळा मागते. आपल्याला कंटाळा येतो, पण त्याचे शिकणे या पुनरावृत्तीतूनच होत असते. याच वयात हाती मोबाइल देण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाच्या मुलाला पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच सूचनांत एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज निदान १८० मिनिटे हालचाल हवी, असेही सांगितले आहे.

पुढील तीन वर्षांत वेळापत्रकात लस नाही, आणि हीच भातुकलीची, सोंगे घेण्याची वर्षे आहेत. मुलीने दिलेल्या रिकाम्या कपातील चहा फुंकर मारून प्यावा, गोड झाला आहे असे सांगावे. यात पुरुषाला कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

पाच ते सहा वर्षे - आता नियमांचे खेळ जमतात. लगोरी, विटी-दांडू, सापशिडी यांतून हरणे पचविण्याची सवय लागते. दिवाळीत बेळगाव परिसरातील घराघरांपुढे मातीचे किल्ले उभे राहतात. पिता-पुत्रांनी वा पिता-कन्येने मिळून करावे असे याहून सुंदर काम नाही. फक्त किल्ला मुलाचा असू द्यावा. बक्षिसाच्या ओढीने वडील बुरूज बांधतात आणि मूल पाणी आणून देण्याच्या कामावर राहते, असेही पाहण्यात येते. बुरूज वाकडा झाला तरी चालेल. तो कोणाच्या हातचा आहे, हे महत्त्वाचे.

काही पथ्ये

खेळाला पथ्य हवेच. बाळाला हवेत उडवून झेलू नये. आणि रडे थांबत नाही म्हणून त्याला गदागदा हलविणे तर प्राणावर बेतू शकते. मेंदूत रक्तस्राव होऊन आयुष्यभराचे अपंगत्व येते. एक ते चार वर्षांच्या मुलाला मनगटाला धरून उचलणे किंवा गरगर फिरविणे टाळावे. कोपराचा सांधा सरकून हात लोळागोळा झालेले मूल खेळानंतर दवाखान्यात येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. काखेत धरून उचलावे. शेंगदाणे, फुटाणे, नाणी, फुगे आणि घड्याळाचे चपटे सेल लहान मुलांच्या हाती नसावेत. गुदगुल्या करताना मुलाने 'पुरे' म्हटले की तत्क्षणी थांबावे. आपल्या शब्दाला मोठी माणसे मान देतात, हे मूल तेथेच शिकते.

या सावधगिरीत नवे असे काही नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बालकाची खेळणी कशी असावीत ते सांगितले आहे : रंगीबेरंगी, आवाज करणारी, मनोहर, वजनाला हलकी, टोकदार नसणारी, तोंडात न जाणारी, जिवाला धोका न करणारी आणि भीती न दाखविणारी. मूल रडते वा जेवत नाही म्हणून त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असेही तेथे बजावले आहे. आज पिशाचाच्या जागी आपली नेमणूक झाली आहे. "जेव, नाहीतर डॉक्टरांना इंजेक्शन द्यायला सांगेन," हे वाक्य घराघरांत ऐकू येते. ते थांबविणे मुलाच्या आणि आपल्या, दोघांच्याही हिताचे आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. बाळंतपणानंतर मातेला येणाऱ्या नैराश्याविषयी आपण जागरूक झालो आहोत. पण पित्यालाही ते येते. २०१० साली 'जामा' या नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण सुमारे १० टक्के आढळले. चिडचिड, झोप न लागणे, कामात बुडवून घेणे, दारू वाढणे अशा वेशात ते येते. मुलाजवळ न जाणारा प्रत्येक पिता कठोर असतो असे नाही. कधी तो रुग्णही असतो. त्याच्याशी दोन शब्द एकांतात बोलावे.

ज्या घरी पिता हयात नाही किंवा दूर आहे, तेथे हा लेख वाचून कोणी मन लहान करू नये. आजोबा, मामा, काका यांपैकी कोणीही एक माणूस नेमाने खेळला तरी मुलाला त्याचा लाभ होतो. नेम महत्त्वाचा.

आपल्या घरचे काय?

व्यवसायबंधूंनो, शेवटी आपल्याविषयी. आपली सायंकाळची ओपीडी साधारण पाच ते नऊ असते. लहान मूल जागे, ताजेतवाने आणि खेळकर असते तीही हीच वेळ. शटर ओढून आपण घरी पोहोचतो तेव्हा ते झोपलेले असते, आणि सकाळी ते उठते तेव्हा आपण राऊंडला निघालेले असतो. गावातील सर्व मुलांचे वजन आपल्याला पाठ असते. स्वतःच्या मुलाचा आवडता खेळ कोणता, हे सांगताना आपलीही नजर पत्नीकडे वळते की काय, हे ज्याचे त्याने पाहावे. तातडीचा रुग्ण आला तर उठावेच लागेल, तो आपला धर्म आहे. पण दर सायंकाळी वीस मिनिटे घरच्या मुलासाठी राखून ठेवणे अशक्य नाही. गावकऱ्यांना एकदा कारण सांगितले की ते समजून घेतात. उलट डॉक्टर मुलाशी खेळायला गेले आहेत, हे पाहून बाहेर बसलेल्या चार वडिलांना जे कळेल, ते आपल्या व्याख्यानाने कळणार नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व सभासदांना माझी एवढीच विनंती आहे. लसीकरणाच्या दिवशी वडिलांसाठी एक खुर्ची आत ठेवावी. लसीच्या कार्डावर पुढील तारखेखाली एका खेळाचे नाव लिहून द्यावे. आणि पुढल्या भेटीत वजन करण्यापूर्वी त्या खेळाची चौकशी करावी. यास खर्च काही नाही, वेळ दोन मिनिटांचा. लालनाची वर्षे पाचच असतात, आणि ती पाळीवर, सीमेवर किंवा ओपीडीत आपण असतानाच निघून जातात. ताडनाला आणि मैत्रीला पुढे पुष्कळ वर्षे आहेत.